आवाज गायब, पडदा काळा? आधी हे पाहा

'नो सिग्नल' दिसत असेल तर मॉनिटर चालू आहे, फक्त त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. दिवाच पेटत नसेल तर आधी प्लग, वायर आणि बटण तपासा.

• केबल कोणती? व्हीजीए (१९८७): १५ पिना, फक्त चित्र. एचडीएमआय (२००२): १९ पिना, चित्र आणि आवाज दोन्ही.

• वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची. मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर पडदा बहुधा कोराच राहतो.

• आवाज: एचडीएमआय जोडली की विंडोज बऱ्याचदा आवाज मॉनिटरकडे वळवते. मॉनिटरला स्पीकर नसेल तर सगळे चिडीचूप. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदला. मागचा हिरवा जॅक स्पीकरचा, गुलाबी माईकचा, निळा लाइन-इनचा.

• कोल्हापूरचा पावसाळा: दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढू शकतो. मग पंखे फिरतात, पण पडदा काळाच. प्लग काढून रॅम उतरवायची, पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या, कण झटकायचे आणि 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबून परत बसवायची. दुरुस्तीतला हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि अनेकदा तेवढाच पुरतो.

• पुराचे पाणी: पंचगंगेच्या २०१९ किंवा २०२१ सारख्या महापुरात भिजलेले मशीन 'चालतंय का बघू' म्हणून सुरू करू नये. एसएमपीएसही (वीजपुरवठ्याचा डबा) घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असू शकतो.