तबकडी मंद फिरते? आधी फेऱ्या मोजा

माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढला, पिन ठेवली आणि गाणे ओढल्यासारखे, जड वाजू लागले. डोंबिवली-कल्याणकडच्या दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रात हे हमखास होते. लगेच स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ नये.

पहिली पायरी : वेगाचा खटका बघावा. एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, बहुतेक लहान तबकड्या ४५ आणि लाखेच्या जुन्या ७८. ठाण्याचे पी. सावळाराम यांची पन्नासच्या दशकातली भावगीते घरात लाखेच्या तबकडीवर असतील, तर खटका ७८ वरच हवा. अशा तबकड्यांना पिनही वेगळी, जाड टोकाची लागते.

दुसरी पायरी : मोजणी. एलपीच्या कडेखाली कागदाची चिठ्ठी अडकवावी, पिन टेकवून वाजवावे आणि घड्याळ लावून तीन मिनिटे फेऱ्या मोजाव्यात. बरोबर १०० भरायला हव्यात. १०६ भरल्या, तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये गेले असे समजावे. पिन न टेकवता मोजणे ही नेहमीची चूक. पिनेच्या घर्षणानेही वेग थोडा उतरतो.

फेऱ्या ८३ च्या आसपास आल्या आणि यंत्र अमेरिकेहून आणलेले असेल, तर ते बिघडलेले नाही. तिथली वीज सेकंदाला ६० आवर्तने घेते, आपली ५०. काही मोटरी या आवर्तनांच्या तालावरच फिरतात. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, आवर्तने बदलत नाही. अशा वेळी मोटरच्या दांड्यावरची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारी छोटी कप्पी, २० टक्के मोठ्या व्यासाची लागते.

तिसरी पायरी : प्लग काढून थाळी उचलावी. खाली रबरी पट्टा दिसेल. तो सैल, तडकलेला किंवा चिकट झाला असेल, तर बदलावा. घरातला रबरबँड लावू नये. तो एकसारखा नसतो, त्यामुळे सूर हेलकावतो. नवा पट्टा पीळ न पडता बसवावा. त्याआधी कप्पी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी.

पट्ट्याऐवजी रबरी चाक असेल, तर त्याची कडही तशीच पुसावी. तिथे तेल लागले की चाक घसरते आणि वेग पडतो.

चौथी पायरी : मधला दांडा ज्या खोबणीत फिरतो, तिथले ग्रीस वाळून घट्ट होते. थाळी हाताने हलकी फिरवून बघावी; लगेच थांबली तर खोबण पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब सोडावेत.

पाचवी पायरी, आणि ती शेवटचीच : बॅटरीवर किंवा अडॅप्टरवर चालणाऱ्या यंत्रांच्या मोटरीला बहुधा वेग जुळवण्याचा बारीक स्क्रू असतो. बॅटरीचे यंत्र असेल, तर आधी नवे सेल घालून बघावे. पट्टा सैल असताना स्क्रू फिरवला, तर नव्या पट्ट्यावर गाणे पळत सुटते. स्क्रू अगदी किंचित फिरवावा आणि दरवेळी पुन्हा मोजावे.

फेऱ्या ९९ किंवा १०१ आल्या, की तिथेच थांबावे. तेवढा फरक एखाद्या गवयालाच कळेल.