शिपिंगची नोकरी म्हणजे बोटीवरच जायचं?

मुलानं शिपिंगचा कोर्स घेतला की नातेवाईक विचारतात, "बोटीवर किती महिने?" हा सगळ्यात जुना गैरसमज. बोटीवर जायला डेकचं किंवा इंजिनचं प्रशिक्षण आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं अधिकृत नोंदपुस्तक, लागतं. चार्टरिंग (जहाज भाड्यानं ठरवणं), एजन्सी, फ्रेट फॉरवर्डिंग, कस्टम्स क्लिअरन्स, सागरी विमा ही कामं मात्र किनाऱ्यावरची. बॅलार्ड इस्टेटच्या कचेऱ्यांत आणि न्हावा शेव्याच्या आसपासच्या कंटेनर फ्रेट स्टेशनांत ती रोज चालतात. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचं बंदर आणि शिपिंग व्यवस्थापनातलं एमबीए याच कामांसाठी आहे.

पदवी मिळाली की काम येतं, हा समज जास्त महागात पडतो. लेटाइमचंच, म्हणजे माल चढवायला-उतरवायला करारात मिळालेल्या वेळेचंच बघा. 50,000 टन कोळसा उतरवायचा आहे, करारात रोजचा दर 10,000 टन. म्हणजे पाच दिवस मिळाले. लागले सात. डेमरेज, म्हणजे जादा वेळेची भरपाई, दिवसाला 15,000 डॉलर असेल तर 30,000 डॉलर भरायचे. परीक्षेत एवढं पुरतं. कचेरीत खरे प्रश्न इथून पुढे असतात. जहाज तयार असल्याची नोटीस किती वाजता दिली? वेळ कधीपासून मोजायची? मधला रविवार वगळायचा का? पावसामुळे हॅच बंद होते ते तास धरायचे का? त्यातही डेमरेज एकदा सुरू झालं की, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, पुढचे रविवार आणि पाऊसही मोजले जातात. याची उत्तरं चार्टर पार्टीत, म्हणजे जहाजभाड्याच्या करारात, आणि बंदरावरच्या तासातासाची नोंद असलेल्या स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्समध्ये सापडतात. हे दोन कागद शेजारी ठेवून हिशेब लावणारा माणूस कंपन्यांना हवा असतो. कंपन्यांची नावं झाकून असे खरे कागद पहिल्याच सत्रात वर्गात यायला हवेत, असं मला कळकळीनं वाटतं.

"आता सगळं ऑनलाइन आहे, कागद कोण बघतो?" असंही ऐकू येतं. कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर शिपिंग बिल भरता येतं हे खरं, पण मालाचा एचएस कोड, म्हणजे वर्गीकरणाचा क्रमांक, माणसानंच नीट ठरवावा लागतो. मूळ बिल ऑफ लेडिंग हातात न घेता माल सोडला, तर भरपाई वाहतूकदाराच्या अंगावर येऊ शकते. कारण तो कागद पावती तर आहेच, शिवाय मालावरचा हक्कही तोच दाखवतो. याविषयीचा 1856 चा कायदा 2025 मध्ये बदलला, त्यामुळे जुन्या नोट्सवर विसंबू नका.

फाडफाड इंग्रजीची धास्तीही नको. ईमेल चार ओळींचा आणि नेमका लिहिता आला पाहिजे. ट्रेलर गेटवर अडकला की ड्रायव्हरशी मराठी-हिंदीतच बोलावं लागतं.

नोकरी करता करता शिकायचं असेल, तर लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड शिपब्रोकर्सच्या परीक्षा देता येतात. ही संस्था 1911 पासूनची आहे. कॉलेजात प्रवेश घेताना मात्र फी विचारण्याआधी हे विचारा: चार्टरिंग शिकवणाऱ्यानं स्वतः कधी जहाज फिक्स केलंय का, म्हणजे भाड्याचा सौदा पक्का केलाय का, आणि इंटर्नशिपमध्ये मुलांना लेटाइमचा हिशेब करायला देतात की नुसत्या फायली लावायला?