उएनोतले दगड आणि आपलं लोणार

टोकियोला आलेला पाहुणा शिबुयाला जाऊन हाचिको कुत्र्याच्या पुतळ्याशेजारी फोटो काढतोच. खरा हाचिको मात्र उएनोच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात आहे, पेंढा भरून जतन केलेला. त्याला बघायला म्हणून गेलेली मंडळी तिथल्या दगडांत आणि सांगाड्यांत कशी अडकतात, ते त्यांनाही कळत नाही. पृथ्वी कशी झाली, तिच्यावर जीव कसा आला, ही सगळी गोष्ट इथे वस्तूंमधून मांडली आहे.

हे संग्रहालय १८७७ सालचं. जवळपास ५० लाख नमुने त्यांच्याकडे आहेत आणि बहुतेक सगळे त्सुकुबाच्या कोठारांत ठेवलेले. कोठार म्हटलं की ठरावीक तापमान आणि आर्द्रता आली, आणि त्यापाठोपाठ विजेचं बिल. कोविडमध्ये तिकिटाचं उत्पन्न घटलं, मग वीज महागली. ऑगस्ट २०२३ मध्ये संग्रहालयाने लोकांकडे १० कोटी येन मागितले. ते पहिल्याच दिवशी जमले! मोहीम संपली तेव्हा ५६ हजारांहून जास्त देणगीदारांनी ९१ कोटींच्या वर येन दिले होते. दगड आणि हाडं नीट राहावीत म्हणून सामान्य माणसांनी खिशात हात घातला.

एवढं काय आहे त्या दगडांत? पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं. हा आकडा मुलांना सांगून काही कळत नाही, मोठ्यांनाही नाही. म्हणून आपण आपली ओळखीची गाडी पकडू. मुंबई सीएसएमटी ते पुणे, १९२ किलोमीटर. सीएसएमटीला पृथ्वी जन्मली आणि पुणे म्हणजे आजचा दिवस. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे २ कोटी ३६ लाख वर्षं.

गाडी सुटते तेव्हा सूर्याभोवतीची धूळ आणि दगड एकमेकांवर आपटून, चिकटून त्यांचा तप्त गोळा झालेला आहे. भायखळा यायच्या आत मंगळाएवढं काहीतरी त्याच्यावर आदळतं आणि उडालेल्या मालमसाल्यातून चंद्र होतो, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे कवच थंड होतं, पाणी साठतं. दिवा-डोंबिवलीच्या आसपास, म्हणजे ३५० कोटी वर्षांपूर्वी, सूक्ष्मजीवांच्या खुणा दिसतात. नेरळ सोडून कर्जतचा वडा हातात पडेपर्यंत हवेत ऑक्सिजन नुकता कुठे साठायला लागलेला असतो. तोही सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंनी सोडलेला. घाट चढून लोणावळा आलं तरी बहुतेक जीव डोळ्यांना न दिसणारेच. देहूरोड-आकुर्डीला समुद्रात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी एकदम वाढतात. डायनासोर येतात कासारवाडी-दापोडीला आणि शिवाजीनगरला संपतात. आणि आपण? शेवटच्या बारा-तेरा मीटरमध्ये. पुण्याच्या फलाटावरचा अर्धा डबा!

गंमत म्हणजे ज्या खंडाळ्याच्या घाटातून गाडी आली, त्याचा काळा कातळही शिवाजीनगरच्याच सुमाराचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपला सह्याद्री आपल्याला अनादी वाटतो. पृथ्वीच्या हिशेबात तो कालपरवाचा.

मग सीएसएमटीच्या वेळचं काही बघायचं कसं? पृथ्वीवरचे तेव्हाचे खडक वितळून, घासून नाहीसे झाले. पण ग्रह होताना उरलेला माल लघुग्रहांच्या रूपात अजून फिरतो आहे. जपानचं हायाबुसा-२ यान डिसेंबर २०१४ मध्ये निघालं आणि र्‍युगू नावाच्या लघुग्रहावर दोनदा टेकून नमुने घेतले. ६ डिसेंबर २०२० रोजी त्याची कुपी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उतरली. आत माल होता ५.४ ग्रॅम. चहाचा चमचा भरेल, बस. एवढ्याशा चुऱ्यात शास्त्रज्ञांना २० हून जास्त अमिनो आम्लं सापडली आणि आरएनएचा एक घटक, युरॅसिलही सापडला. जीव नाही सापडला बरं का! पण जीव घडायला लागणारा काही कच्चा माल अवकाशात तयार होतो, हे हातात आलं. असे असंख्य दगड सुरुवातीच्या पृथ्वीवर पडत होते. आपल्या घरातलं थोडं सामान बाहेरून आलेलं असू शकतं.

र्‍युगू हे नाव जपानी लोककथेतलं, समुद्रतळाच्या महालाचं. आकाशातून पडलेल्या दगडाची अशीच एक कथा आपल्याकडेही आहे. बुलडाण्याचं लोणार. लवणासुराची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. प्रत्यक्षात अवकाशातून आलेल्या दगडाने बेसॉल्टच्या कातळात पाडलेलं ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. बेसॉल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं, आठवतंय? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं, की हे हॅलोआर्किया, खाऱ्या पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव. त्यांचं घराणं म्हणजे जीवसृष्टीच्या अगदी जुन्या शाखांपैकी एक. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला.

पण दर्जा मिळाला म्हणून सांडपाणी आपोआप थांबत नाही. लोणारच्या रक्षणासाठी लोकांना नागपूर खंडपीठाचा दरवाजा ठोठवावा लागला. र्‍युगूचे ५.४ ग्रॅम जपानी माणसं हवासुद्धा लागू न देता सांभाळतात आणि आपल्याकडे अख्खं विवर उघड्यावर आहे. जपान श्रीमंत म्हणून त्यांना जमतं, असं म्हणून सुटता येणार नाही. ९१ कोटी येन सरकारने नाही, लोकांनी दिले.

गावाकडची माणसं टोकियोला आली, तर अर्धा दिवस उएनोला ठेवा. शाळकरी मुलांना कायमच्या दालनांत तिकीट नाही. आणि पुढच्या सुट्टीत घरी गेलात की शिर्डी-महाबळेश्वरच्या यादीत लोणार घाला. तिथे प्लास्टिक टाकू नका, एखाद्या स्थानिक माहितगाराला सोबत घ्या, त्याला चार पैसे मिळू द्या. विवरापासून दोन पैसे मिळतात हे गावाला कळलं, की गावच त्याची राखण करेल.