उजनीच्या गाळपेरीवरील हंस

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, तेव्हा सिंचन, पिण्याचे पाणी आणि वीज यांचा हिशेब मांडला गेला होता. पक्ष्यांचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते. तरीही दर हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या पाणफुगवट्यावर पट्टकादंबांचे थवे उतरतात. राखी देह, पांढरे डोके आणि त्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, लडाख, मंगोलिया येथील उंच सरोवरांकाठी वीण करतो. हिमालय ओलांडताना त्याने सात हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याच्या नोंदी आहेत; विरळ हवेतील प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे रक्तद्रव्य त्याला लाभले आहे. ‘मेघदूता’तील राजहंस मेघगर्जना ऐकून मानसाकडे निघतात, भीमाकाठचे हे हंस मात्र पावसासाठी न थांबता मार्च-एप्रिलमध्येच परततात.

हे पक्षी येथे रमतात, याचे इंगित धरणाच्या कामकाजात आहे. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. पैकी जवळपास ५३ अब्ज घनफूटच उपयुक्त, बाकीचा मृत साठा. पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेल्या जलाशयातून रब्बीची आवर्तने सुटू लागली, की सपाट काठावरून पाणी मागे सरकते आणि ओला गाळ उघडा पडतो. त्यावर कोवळे गवत येते, शेतकरी हरभऱ्यासारखी पिके घेतात. हीच गाळपेर. दिवसा पाण्याकाठी विसावलेले थवे सांजेला चरण्यासाठी रानात उतरतात. पाणी वेळेवर उतरले नाही तर कुरण बुडालेले राहते. आणि अवर्षणाच्या वर्षी ते फार लवकर उतरले, तर काठ सुकून भेगाळतो.

ही गाळपेर कुणाची? पाणी उतरले की जेथे पळसदेवचे प्राचीन मंदिर वर येते, तेथे एकेकाळी नांदती गावे होती. धरणग्रस्तांना अशा जमिनी प्राधान्याने, तात्पुरत्या पट्ट्याने देण्याचे सरकारचे धोरण आहे. म्हणजे ज्याचे शेत पाण्याखाली गेले, त्याच्याच उरल्यासुरल्या पिकावर हंस चरतो. शहरी पर्यटक दुर्बीण घेऊन येतात, त्यातून नावाड्यांना चार पैसे मिळतात, हे खरे. परंतु नावाडी आणि हरभरा पेरणारा ही दोन माणसे नेहमी एकच असतील असे नाही. पक्षिप्रेमाच्या चर्चेत हा भेद सहसा कोणी करीत नाही.

याहून मोठा धोका उसाचा आहे. उजनीचे पाणी मोठ्या प्रमाणावर या एकाच पिकाकडे वळले. कोवळ्या हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या उघड्या रानात चरणारा हंस माणसाच्या डोक्यावर गेलेल्या उसात उतरू शकत नाही. त्याला चहूकडे दृष्टी पोहोचणारे मोकळे रान लागते. शिवाय पुणे-पिंपरीचे सांडपाणी याच जलाशयात येऊन मिसळते.

आवर्तनांचे निर्णय कालवा सल्लागार समितीत होतात. तेथे ऊस, द्राक्षे आणि शहरांची तहान यांचे प्रतिनिधी बोलतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात काठाची पातळी कोणत्या गतीने उतरावी, एवढा एक प्रश्न त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आला, तरी गाळपेर करणारा आणि हंस या दोघांनाही पेरणीचा व चरण्याचा अंदाज आधी बांधता येईल. त्यासाठी धरणातील एक थेंबही अधिक खर्ची पडत नाही. प्रश्न केवळ सोडण्याच्या वेळेचा आहे.