डाख न लावता

कॉलेजच्या गॅदरिंगला माझी लेक इलेक्ट्रिक गिटार घेऊन स्टेजवर उभी राहिली, तेव्हा मी आणि आमच्या बचत गटातल्या सात-आठ जणी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला बसलो होतो. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला गिटार खरखरली, मग 'घुंऽऽ' असा आवाज आला आणि एकदम गप्प! मागून मुलांच्या शिट्ट्या. पोरीने वायर हलवून पाहिली, बटण फिरवून पाहिलं आणि खाली मान घालून आत निघून गेली. घरी आल्यावर गिटार माळ्यावर टाकली. "विकून टाक आई," एवढंच म्हणाली.

विकून टाक! अहो, माझ्या दोन वर्षांच्या भिशीची गिटार ती.

खरखर जुनीच होती. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याने दोनदा सोल्डरिंग करून दिलं होतं, पण महिनाभरात पुन्हा तेच. सोल्डरिंग म्हणजे आपल्या सासवा भांड्याला द्यायच्या तो डाखच. डाख कच्चा राहिला की जोड हलतो आणि आवाज तुटतो. मग लेकीने स्वतःच डाखाची इस्त्री आणून एकदा प्रयत्न केला. त्या तारेच्या पोटात राळ असते, तिचा धूर होतो. पोरीला लहानपणापासून दमा. त्या रात्री दोनदा नेब्युलायझर लावावा लागला. सकाळी आमच्या ह्यांनी ती इस्त्री कपाटाच्या वर ठेवून दिली आणि तो विषय तिथेच संपला.

नऊ महिने गिटार माळ्यावर होती. दिवाळीला न्यू जर्सीहून आमच्या वन्सं आल्या. त्यांचा मुलगाही वाजवतो. सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, डाख न लावता वायरिंग बदलता येतं. तयार संच मिळतात. शिलाई मशीन उघडून बसतेस ना? मग हे काय अवघड आहे?" तिकडे गेल्यावर त्यांनी संच पाठवून दिला.

गिटारच्या पोटात काय असतं, ते मला तेव्हा कळलं. तारांखाली पिकअप असतात. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एकेकाला सुमारे आठ हजार! वर स्टीलची तार थरथरली की वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. ती आवाज कमी-जास्त करायच्या पॉटमधून, म्हणजे रेडिओला असतं तसल्या फिरत्या बटणातून, जॅकपर्यंत जाते. सोबत एक कपॅसिटर, आपल्या पंख्याच्या कंडेन्सरचा धाकटा भाऊ. बस, एवढाच संसार! नव्या संचात पॉट, स्विच आणि जॅक आधीच जोडलेले असतात. पिकअपच्या वायरी तेवढ्या स्क्रूच्या खाचेत सरकवून आवळायच्या. पंखा जोडताना इलेक्ट्रिशियन कनेक्टर वापरतो ना, तसंच.

संच मागवण्याआधी मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतात. आमच्या गिटारला तीन साधे, एका वेटोळ्याचे पिकअप आहेत, त्यांना अडीचशे किलो-ओहमचे पॉट लागतात. जोड-वेटोळ्याच्या पिकअपना साधारण पाचशेचे. उलटसुलट झालं तर आवाज फार कर्कश तरी होतो, नाहीतर दबलेला. दुसरं म्हणजे भोकं. स्वस्त गिटारींत ती लहान असतात. आमच्या नव्या पॉटचा दांडा आत जाईना. शेवटी गोल कानस घेऊन प्लॅस्टिकच्या पट्टीची भोकं घासत बसले. अर्धी दुपार त्यातच गेली.

बाकी काम सोपं. तारा सैल करून काढल्या, पट्टीचे अकरा स्क्रू एका वाटीत ठेवले. काही कापण्याआधी लेकीने मोबाइलवर चार फोटो काढले, हे फार बरं केलं. जुन्या वायरी डाखाजवळ कापल्या, म्हणजे लांबी पुरली. मागच्या स्प्रिंगांकडून येणारी ग्राउंडची वायर विसरायची नाही, नाहीतर घुंघुं वाढते. प्रत्येक वायर आवळल्यावर हलकेच ओढून पाहिली.

ॲम्प्लिफायर लावून पिकअपवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर 'टक' वाजलं! लेक हसली. पण स्विच मधल्या एका खुणेवर नेला की आवाज अगदी पातळ, पाणी घातलेल्या आमटीसारखा. तिचा चेहरा पुन्हा उतरला. फोटो पाहिले तर मधल्या पिकअपची पांढरी आणि काळी वायर आम्ही उलट लावलेली! दोन पिकअप एकमेकांचा आवाज खात होते. दोन स्क्रू सैल केले, वायरी बदलल्या, दोन मिनिटांत काम. डाख असता तर पुन्हा इस्त्री, पुन्हा धूर. अर्थात, चांगल्या हाताचा डाख या स्क्रूंपेक्षा पक्का, आणि हा संच काही स्वस्त नाही. साध्या पिकअपची मुळातली बारीक गुणगुणही यामुळे जात नाही. खरखर मात्र गेली.

"तुम्ही दोघी मेकॅनिक झालात की," हे म्हणाले. मी त्यांना वन्संनी सांगितलेली अबिगेल इबारांची गोष्ट ऐकवली. कॅलिफोर्नियातल्या फेंडरच्या गिटार कारखान्यात त्या 1956 साली लागल्या, पिकअपवर तार गुंडाळायचं काम करत, आणि 2013 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या हातचे पिकअप लोक आज शोधत फिरतात. ह्यांनी मुकाट्याने चहा टाकला.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. गिटारमधली वीज अगदी किरकोळ, पण ॲम्प्लिफायर घरच्या विजेवर चालतो. तो स्वतः कधीच उघडू नका, बंद केला तरी आत वीज साठून राहते. वाजवताना तारांना हात लावल्यावर लेकीला कधीकधी चुणचुणायचं, आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं. त्या निमित्ताने इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर त्या प्लगला अर्थिंगच नव्हतं! गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे बिघाड झाला तर झटका थेट पोरीच्या बोटांना. विचार करूनच अंगावर काटा आला. अर्थिंग त्याच दिवशी करून घेतलं. तुमच्याकडे कोणी तीन पिनांची मधली पिन काढून प्लग लावत असेल, तर आजच थांबवा.

आता संध्याकाळी आतल्या खोलीतून गिटार ऐकू येते. यंदाच्या गॅदरिंगला तिने नाव दिलंय का, ते मी विचारलेलं नाही. परवा माझ्या शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर सापडेना. घरभर शोधला, शेवटी मिळाला तो तिच्या गिटारच्या पिशवीत, जास्तीच्या तारांच्या शेजारी.