फटका कुठून आला?

फुटबॉलच्या सामन्यात फटके मोजायचं काम वरकरणी सोपं वाटतं. वहीत रकाने आखायचे: मिनिट, फटका कुठून मारला, पायाने की डोक्याने, वाटेत किती बचावपटू होते, शेवट काय झाला. सामना सुरू झाला की अडचणी सुरू होतात. उजव्या बगलेवरून आलेला चेंडू हवेत वळतो, गोलरक्षक उडी मारून तो आडव्या दांड्यावरून ढकलतो. मारणाऱ्याने क्रॉस टाकला होता की थेट गोलावर मारला होता? चेंडू तसाही बाहेरच जाणार असेल, तर ती ‘सेव्ह’ धरायची का? तोवर कॉर्नर घेतलाही जातो, आणि वहीत काहीतरी लिहावंच लागतं.

हा प्रश्न मोठ्या स्पर्धांनाही चुकलेला नाही. 1 जुलै 2014 रोजी ब्राझीलमधल्या साल्वादोरमध्ये बेल्जियमविरुद्ध अमेरिकेच्या टिम हॉवर्डने फटक्यांमागून फटके परतवले. त्या सामन्यातल्या त्याच्या सेव्ह आधी 16 म्हणून जाहीर झाल्या, नंतर हा आकडा 15 वर आला. कॅमेऱ्यांनी चहूबाजूंनी टिपलेल्या विश्वचषक सामन्यातही मोजणाऱ्यांत एका फटक्याचा फरक पडतो. 15 धरल्या तरी गोलाच्या दिशेने आलेल्या 17 फटक्यांपैकी 15 अडले, म्हणजे 88 टक्के. अमेरिका मात्र जादा वेळेत 2-1 ने हरली.

वहीपेन्सिल घेऊन सामने टिपण्याची ही चिकाटी जुनी आहे. ब्रिटनच्या हवाई दलात हिशेबाचं काम पाहणारे चार्ल्स रीप 18 मार्च 1950 रोजी स्विंडन टाउनच्या सामन्यात टिपणं काढू लागले आणि पुढे अनेक वर्षं काढत राहिले. बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह 1968 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात साधारण नऊ-दहा फटक्यांना एक गोल पडतो, असं दिसलं होतं. डावपेचांबाबत रीप यांनी काढलेले निष्कर्ष पुढे वादात सापडले. हे प्रमाण मात्र व्यावसायिक फुटबॉलमध्ये आजही फारसं हललेलं नाही.

भारतीय प्रेक्षकांना जवळचं उदाहरण दोहाचं. 10 सप्टेंबर 2019, विश्वचषक पात्रता फेरी, समोर त्याच वर्षी आशियाई विजेता ठरलेला कतार. सुनील छेत्री आजारी, कर्णधार गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू. कतारने 27 फटके मारले, गुरप्रीतने 11 अडवले, सामना 0-0 सुटला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे गुरप्रीतचं नाव होतं आणि ते योग्यच होतं. पण उरलेल्या 16 फटक्यांचं काय झालं, हेही बघायला हवं. ते बाहेर गेले किंवा वाटेतच अडले. गुरप्रीतपुढे त्या रात्री मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई, आणि संदेश झिंगन अशी बचावफळी उभी होती. गोलरक्षकापर्यंत न पोचलेला फटका त्याच्या टक्केवारीत येत नाही. घाईत, वाकड्या कोनातून, दोघांच्या मधून मारायला लावलेला फटका मात्र येतो, आणि तो अडवणं सोपं असतं. हाच गुरप्रीत पाचच दिवस आधी गुवाहाटीत ओमानविरुद्ध खेळला होता. 82व्या मिनिटापर्यंत भारत 1-0 ने पुढे होता, आणि तरीही सामना 1-2 ने गेला. पाच दिवसांत हात बदलत नाहीत.

म्हणून फटके नुसते मोजण्यापेक्षा तोलण्याची पद्धत रुजली. फटका मारायच्या क्षणी गोल होण्याची शक्यता किती, याला ‘अपेक्षित गोल’ म्हणतात. पेनल्टीची शक्यता शंभरात 75 ते 80, पेनल्टी बॉक्सच्या बऱ्याच बाहेरून मारलेल्या फटक्याची जेमतेम तीन-चार. गोलरक्षकासाठी आणखी एक हिशेब करतात. फटका मारून झाल्यावर चेंडू गोलाच्या कोणत्या कोपऱ्याकडे निघाला, तेही धरतात. वरच्या कोपऱ्यात शिरणारा चेंडू सुटला तर फारसा दोष नाही. सरळ हातात येणारा सुटला तर मोठा दोष.

तरीही नशिबाचा वाटा उरतोच. युरोपच्या मोठ्या लीगमध्ये गोलरक्षकाला एका हंगामात गोलाच्या दिशेने आलेल्या साधारण सव्वाशे फटक्यांना तोंड द्यावं लागतं, आणि त्यातले सत्तर टक्के अडवणारा चांगला समजला जातो. गणित मांडलं तर इतक्या फटक्यांत सत्तरच्या कुवतीचा गोलरक्षक निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी 66, एखाद्या वर्षी 74 दाखवू शकतो. पहिल्या वर्षी त्याची जागा जाते, दुसऱ्या वर्षी मोठा करार होतो. ‘क्लीन शीट’चा, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या सामन्यांचा आकडा तर आणखी फसवा. 2004-05 मध्ये चेल्सीने 38 लीग सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले आणि पेत्र चेकच्या नावावर 24 क्लीन शीट लागल्या. चेक थोर गोलरक्षक, पण त्या आकड्यावर त्याच्यापुढे खेळणारे बचावपटू जॉन टेरी आणि मधल्या फळीतले क्लोद माकेलेले यांचाही हक्क आहे.

मुलांच्या फुटबॉलमध्ये तर सेव्हची टक्केवारी भलतंच मोजू लागते. मोठ्यांचा गोल 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच असतो. पावणेपाच फुटांच्या मुलाचे वर केलेले हात सहा फुटांच्या आसपास पोचतात. त्याने उडी मारली तरी दांड्याखालचा पट्टा मोकळाच राहतो. डोक्यावरून टाकलेला कमजोर चेंडूही तिथे गोल होतो, आणि वहीत ‘सुटला’ अशी नोंद पडते. इंग्लंडमध्ये नऊ-नऊ खेळाडूंच्या सामन्यांसाठी 16 बाय 7 फुटांचा गोल ठरवला आहे. मोठ्या गोलाचं क्षेत्रफळ 192 चौरस फूट, याचं 112. तोच मुलगा, तोच फटका, आणि टक्केवारी वेगळी. जिथे मोठ्यांचेच गोल मुलांना दिले जातात, तिथे सेव्हच्या टक्केवारीवरून दहा-बारा वर्षांच्या पोराला संघाबाहेर बसवणं हा सरळ अन्याय आहे.

खाल्लेल्या गोलांचा नुसता आकडाही असाच फसवतो. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताने तीन सामन्यांत नऊ गोल खाल्ले: अमेरिकेकडून तीन, कोलंबियाकडून दोन, घानाकडून चार. कोल्हापूरचा अनिकेत जाधव ज्या संघात होता, त्याच संघाचा गोलरक्षक धीरज सिंग. दिल्लीत ते सामने पाहणाऱ्यांनी सर्वाधिक कौतुक नऊ गोल खाल्लेल्या या धीरजचंच केलं. तक्त्यातल्या नऊच्या आकड्यातून ते कळलं नसतं.

शाळेच्या मैदानावर एखाद्या प्रशिक्षकाला वही ठेवायचीच असेल, तर गोलरक्षकाच्या नावापुढे टक्केवारी न लिहिता मैदानाचा आराखडा काढून फटक्याच्या जागेवर फुली मारावी. आठ-दहा सामन्यांत फुल्यांचे पुंजके दिसू लागतात. पुंजका गोलासमोर सहा यार्डांत असेल तर सराव बचावपटूंना द्यायचा. फुल्या लांबच्या आणि तरी गोल होत असतील, तर गोलरक्षक किती पुढे उभा राहतो ते बघायचं. आणखी एक रकाना मुलांच्या सामन्यात फार कामाचा: अडवलेला चेंडू हातात राहिला, बाजूला गेला, की समोर पडला. कारण या वयात हातून निसटून समोर पडलेल्या चेंडूवर दुसरा फटका बसायला वेळ लागत नाही, आणि चेंडू छातीशी धरणं किंवा बाजूला ढकलणं ही गोष्ट उंची वाढायची वाट न पाहता आजच शिकवता येते.