पार्सलने येणारी स्वस्त हत्यारं : काय घ्यावं, काय टाळावं

मुलगा आयटीआयमधून फिटर, वेल्डर किंवा वायरमन होऊन बाहेर पडतो. वर्ष-दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम करतो आणि एके दिवशी म्हणतो, "अब्बा, आता स्वतःचं काम सुरू करतो." पहिला प्रश्न येतो तो हत्यारांचा. बाजारात चांगल्या कंपनीचं ड्रिल, ग्राइंडर आणि पान्यांचा सेट घ्यायचा म्हटलं की हजारोंचा खर्च. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात येते : शंभर वस्तूंचा टूलकिट, सत्तर टक्के सूट, पैसे पार्सल आल्यावर द्या.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका तरुणाने असाच सेट मागवला. पाने आणि सॉकेट ठीकठाक निघाले. पण सोबत आलेल्या ग्राइंडरची डिस्क तिसऱ्या दिवशी फुटली आणि तुकडा कानाजवळून गेला. मशीनवर गार्ड लावलेलाच नव्हता, कारण तो नीट बसतच नव्हता. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर मिळालं, "परत करायची मुदत संपली." बिल शोधलं, तर तेही नव्हतं.

स्वस्त हत्यार घेणं चूक नाही. कोणतं घ्यावं आणि कसं घ्यावं, एवढं मात्र माहीत हवं.

साधा नियम

जे हत्यार तुटलं तर फक्त काम अडतं, ते स्वस्तातलं चालेल. जे तुटल्यावर माणूस जखमी होतो, तिथे पैसे वाचवू नयेत.

मोजपट्टी, क्लॅम्प, हातोडी, करवत, टूलबॉक्स, कधीतरी लागणारे सॉकेट या वस्तू स्वस्त घेतल्या तरी फारसं बिघडत नाही. सहा महिन्यांत जो पाना झिजला, तो तुम्ही रोज वापरता असं समजा आणि फक्त तेवढाच चांगल्या कंपनीचा घ्या. अनेक जुने मिस्त्री असंच करतात.

ग्राइंडर आणि त्याची डिस्क, विजेच्या कामाची पक्कड आणि टेस्टर, शिडी, डोळ्यांचा चष्मा या वस्तू मात्र ओळखीच्या दुकानातून, हातात घेऊन, तपासून घ्याव्यात.

आकड्यांना भुलू नका

बॅटरीच्या ड्रिलवर "48 व्होल्ट", "88 व्होल्ट" असे मोठे आकडे छापलेले दिसतात. बॅटरीत किती सेल आहेत ते बघा. लिथियमचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्टपर्यंत जातो. एकापुढे एक पाच सेल जोडले की 18 व्होल्ट, पूर्ण चार्जला 21 व्होल्ट. म्हणजे 18 आणि 21 हे बऱ्याचदा एकाच बॅटरीचे दोन आकडे असतात. पाच सेलच्या पॅकवर 48 किंवा 88 लिहिलं असेल, तर तो नुसता स्टिकर समजा.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11 हजार फेरे फिरतो. डिस्कवर छापलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा. डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर मुदतीची तारीख असते, तीही वाचा. मुदत संपलेली किंवा ओल धरलेली डिस्क लावू नका. सोबत लाकूड कापायचं दातेरी चक्र फुकट आलं, तरी ते ग्राइंडरला लावू नका. ते लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं.

पकडीला प्लास्टिकची मूठ आहे म्हणून ती विजेच्या कामाला चालते असं नाही. त्यासाठी 1000 व्होल्टची खूण आणि शेजारी दोन त्रिकोणांचं चिन्ह बघा.

ऑर्डर करण्यापूर्वी

विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि माल कोणत्या देशात बनला हे वेबसाईटवर लिहिलेलं असलं पाहिजे. ते नसेल, तर तिथून घेऊ नका. कार्बन ब्रश आणि स्विच आपल्या शहरात मिळतो का, हे जवळच्या रिपेअरवाल्याला आधी विचारा. मशीन दुरुस्त होणारच नसेल, तर ते स्वस्त कसलं? ते एक दिवस बंद राहिलं तरी त्या दिवसाची रोजी जाते.

बिल स्वतःच्या नावाने घ्या आणि फोटो काढून जपून ठेवा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माल तसाच कपाटात ठेवू नका, पहिल्याच दिवशी चालवून बघा. परत करण्याची मुदत अनेकदा थोड्याच दिवसांची असते.

रिफंडच्या नावाने कुणी फोन केला, तर ओटीपी देऊ नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

कायदा तुमच्या बाजूने आहे

"तू धंद्यासाठी घेतलं, म्हणून तू ग्राहक नाहीस," असं सांगून अनेक कारागिरांना परत पाठवलं जातं. हे बरोबर नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 स्पष्ट सांगतो की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी जो माणूस वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, तोही ग्राहकच आहे. तक्रारीत हे वाक्य जरूर लिहा : हे मशीन मी स्वतः वापरतो आणि त्यावर माझं घर चालतं.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल खराब, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. म्हणून फक्त फोनवर बोलू नका. लेखी तक्रार करा आणि तिचा नंबर ठेवा.

तरीही दाद मिळाली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानेही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी दिल्लीची असो की बेंगळुरूची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

त्या तरुणाकडे बिल असतं, तर हे सगळे दरवाजे त्याला उघडे होते. आता तो ग्राइंडर दुकानातून घेतो, पाने मात्र अजूनही पार्सलनेच मागवतो. आणि प्रत्येक बिल त्याची अम्मी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवते.